मैत्रिणीबरोबर पहिली परदेशवारी: कोरियाला जाताना

शाळेपासूनच्या मैत्रिणीबरोबर मी पहिल्यांदा देशाबाहेर पाऊल टाकलं ते कोरियासाठी. ऑक्टोबर संपत आला होता, दोघींचे पासपोर्ट कोरे करकरीत होते आणि रजा होती दहा दिवसांची. परत आल्यापासून भाच्या, शेजारच्या मुली, ऑफिसातल्या नव्या जणी विचारतात, "कसं जमवलंत?" त्यांना जे सांगते तेच इथे ओळीने लिहिलं आहे. दोन मित्र निघाले असतील तर त्यांनाही हे तेवढंच उपयोगी पडेल.

कोरिया हा जोडीने फिरायचा देश आहे. टेबलावर भाजायचे किंवा मोठ्या पातेल्यात उकळायचे पदार्थ तिथल्या बऱ्याच खानावळींत किमान दोघांचे मागवावे लागतात, एकट्या माणसाला ते मिळतच नाहीत. खोल्या दोघांच्या, टॅक्सीचं भाडं दोघांत अर्धं, रात्रीच्या गल्लीत दोघींचा एकमेकींना आधार. सगळा डोलारा सोबतीवर उभा असतो. म्हणून तिकिटाच्या आधी एक काम करायचं आहे.

पायरी १: दोघींनी बसून बोलून घ्या

एक पूर्ण संध्याकाळ द्या. वही घ्या आणि तीन गोष्टी लिहून काढा.

पहिली, पैसे. एकूण किती खर्च झेपेल हा आकडा दोघींनी आपापला कागदावर लिहायचा आणि मग एकमेकींना दाखवायचा. ज्या आकड्यात कमी पैसे आहेत, त्या आकड्याची सहल आखायची. जवळच्या मैत्रिणीला "मला एवढं परवडत नाही" हे म्हणणं किती जड जातं, हे मला ठाऊक आहे. लिहून दाखवलं की ते जडपण निम्मं होतं. आम्ही तिथे एक सामाईक पाकीट ठेवलं होतं: दोघींनी सुरुवातीला सारखे पैसे घातले, जेवण, प्रवास आणि तिकिटं त्यातून, खरेदी आपापली. कोरियात टेबलाचं बिल बहुधा दारापाशी काउंटरवर एकत्रच भरतात, त्यामुळे पाकिटाची पद्धत फारच सोयीची पडली. पाकीट रिकामं झालं की दोघींनी पुन्हा सारखे घालायचे. रोज रात्री हिशोब करत बसावं लागलं नाही.

दुसरी, खाणं. माझी मैत्रीण अंडं खाते, मासा-मटण खात नाही. मी सगळं खाते. याचा दिवसाच्या आखणीवर किती परिणाम होतो, हे खाली येईलच.

तिसरी, चाल. एकीला पहाटे निघायला आवडतं, दुसरीला कॅफेत तासभर बसायला. दहा दिवसांत निदान दोन अर्धे दिवस वेगवेगळं फिरायचं, हे निघण्याआधीच ठरवून टाका. आधी ठरलेलं असलं की कुणाला रुसवा वाटत नाही.

पायरी २: महिना निवडा

मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला चेरी फुलते, ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत झाडं लाल-पिवळी होतात. हे दोन काळ उत्तम, आणि म्हणूनच खोल्या महाग. जूनअखेरपासून जुलैभर तिथेही पावसाळा असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी सोलमध्ये पारा शून्याच्या बराच खाली जातो. बर्फ पाहायचाच असेल तर जा, पण आपल्याकडचं स्वेटर तिथे पुरत नाही.

सोल्लाल, म्हणजे चांद्र नववर्ष, आणि चुसक, म्हणजे सुगीचा सण, हे दोन सण टाळा. सगळा देश गावी निघालेला असतो, गाड्यांची तिकिटं मिळत नाहीत, छोटी दुकानं बंद. चुसक पौर्णिमेला असतो. २०२५ साली चुसक आणि आपली कोजागिरी एकाच दिवशी, ६ ऑक्टोबरला आली होती. त्या सणाला तांदळाच्या पिठाची पारी करून आत तीळ आणि गोड सारण भरतात आणि पाइनच्या पानांवर वाफवतात. सोंगप्यॉन म्हणतात त्याला. पुढे-मागे बाजारात मिळालं तर जरूर घ्या. मोदक खाऊन वाढलेल्या माणसाला ते अनोळखी वाटत नाही.

पायरी ३: व्हिसा

भारतीय पासपोर्टला कोरियाचा व्हिसा लागतो. के-इटा नावाची जी ऑनलाइन परवानगी आहे, ती आपल्यासाठी नाही. एका एजंटने आम्हाला "के-इटा काढून देतो, दोन दिवसांत होईल" असं सांगितलं होतं. नशीब की मैत्रिणीने दूतावासाच्या संकेतस्थळावर स्वतः वाचून पाहिलं. तुम्हीही वाचा. अर्ज कुठे द्यायचा, फी किती, कुठले कागद हवेत, हे तिथूनच घ्या, कारण नियम बदलत राहतात.

साधारणपणे लागतं ते असं: किमान सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट, भरलेला अर्ज, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, नोकरी असेल तर कंपनीचं पत्र आणि रजामंजुरी, कशासाठी जातोय ते सांगणारं पत्र, आणि दिवसवार कार्यक्रम. एकत्र जात असलात तरी अर्ज दोघींचे वेगळे. दोघींच्या पत्रात एकमेकींचा उल्लेख हवा आणि कार्यक्रमाच्या तारखा, हॉटेलांची नावं तंतोतंत जुळायला हवीत. सहलीच्या ठीक आधी खात्यात एकदम मोठी रक्कम आणून टाकू नका, तिचा खुलासा द्यावा लागतो.

व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका. दीड-दोन महिने हाताशी ठेवून अर्ज करा. दिल्लीहून सोलला थेट विमान आहे; मुंबईकरांना बहुतेक वेळा दिल्ली, बँकॉक, हाँगकाँग किंवा सिंगापूर असं मधे उतरून जावं लागतं. पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर घ्या. दोन वेगळी तिकिटं स्वस्त दिसतात, पण मधल्या देशात सामान काढून पुन्हा चढवण्यासाठी तिथलाही व्हिसा लागू शकतो.

पायरी ४: चार संध्याकाळी कोरियन लिपीला द्या

माझा सगळ्यात मनापासूनचा सल्ला हाच. राजा सेजोंग यांनी १४४३ मध्ये ही लिपी तयार केली आणि १४४६ मध्ये ती लोकांसमोर आणली, सामान्य माणसाला वाचता-लिहिता यावं म्हणून. आज वापरात असलेली मूळ अक्षरं फक्त २४. आपल्याला ती इतरांपेक्षा लवकर येते, कारण व्यंजनाला स्वर जोडून एक अक्षर करायचं, ही बाराखडीची सवय आपल्या हाडात आहे. ख, थ, फ, छ हे उच्चार इंग्रजीत वाढलेल्या लोकांना समजावून सांगावे लागतात, आपल्याला नाही.

भाषा येत नसताना लिपी वाचून काय उपयोग, असं वाटेल. पण अर्ध्या पाट्या इंग्रजी शब्दांच्याच असतात. पहिल्या दिवशी मैत्रीण एका दुकानासमोर थांबली, बोट ठेवून अक्षर अक्षर लावत म्हणाली, "खा... फे... खाफे. अगं, कॅफे!" पुढचे दहा दिवस आम्ही बसमधून पाट्याच वाचत होतो. खॉफी, बोसु, आइसुख्रिम. शिवाय छुल्गु म्हणजे बाहेर जायचा रस्ता आणि ह्वाजांगशिल म्हणजे स्वच्छतागृह, हे दोन शब्द ओळखता आले की अडत नाही.

पायरी ५: फोन, पैसे, बॅग

फोनचं सिम किंवा ई-सिम दोघींचं वेगळं घ्या. आम्ही एकच घेतलं आणि दुसरीने हॉटस्पॉटवर चालवायचं ठरवलं. बुसान शहराच्या मेट्रोत मी चढले, दार मिटलं, ती फलाटावर. तिच्याकडे ना इंटरनेट, ना घाबरलेल्या अवस्थेत स्टेशनचं वायफाय जोडता आलं. काचेतून तिचा चेहरा मागे जाताना मी पाहिला तो अजून आठवतो. एक गोष्ट मात्र आम्ही आधी ठरवली होती: जी गाडीत राहील तिने पुढच्या स्टेशनवर उतरून तिथेच उभं राहायचं आणि मागे राहिलेलीने पुढची गाडी पकडून यायचं. पाच मिनिटांत ती आली. त्याच संध्याकाळी दुसरं सिम घेतलं.

फोनमध्ये नेव्हर मॅप आणि पापागो ही दोन ॲप घालून ठेवा. आपल्या सवयीच्या गूगल मॅपवर तिथे विसंबून राहू नका, पायी रस्ता दाखवायला नेव्हरच कामाचं. पापागो भाषांतर करतं, मेनूचा फोटो काढला तरी. १३३० हा पर्यटकांसाठीचा मदत क्रमांक चोवीस तास चालतो, इंग्रजीत बोलता येतं. पोलीस ११२, रुग्णवाहिका आणि अग्निशमन ११९.

१,००० वॉन म्हणजे साधारण ६० ते ६५ रुपये. किंमत पाहिली की शेवटची तीन शून्यं सोडायची आणि साठने गुणायचं, अंदाज येतो. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं. रोख हवी बाजारातल्या गाड्यांसाठी आणि प्रवासाच्या कार्डात पैसे भरायला. टिप द्यायची पद्धत नाही.

वीज २२० व्होल्टचीच आहे. आपल्या मोबाइल चार्जरची दोन बारीक गोल पिनांची टोकं बहुधा बसतात, तीन पिनांचा प्लग बसत नाही. बॅगेत मेतकूट, चटणी, खाकरे, दशम्या न्या. ताजी फळं, बिया आणि मांसाचे पदार्थ नेऊ नका, विमानतळावर अडवतात. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. मोजे चांगले न्या, ठिगळ नसलेले, कारण चपला-बूट अनेक ठिकाणी दाराशी काढावे लागतात.

पायरी ६: उतरल्यावर

ई-अरायव्हल कार्ड, म्हणजे देशात शिरतानाचा अर्ज, पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरता येतं. त्याला फी नाही. फी मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते सरकारी नाही, बंद करा.

इंचॉन विमानतळावरच्या छोट्या दुकानात दोघींसाठी दोन टी-मनी कार्डं (बस-मेट्रोच्या प्रवासाची) घ्या आणि रोखीने पैसे भरा. मग सोलला जायला एरेक्स नावाची रेल्वे. तिच्या दोन गाड्या: एक थेट सोल स्टेशनला पाऊण तासात नेते, तिचं तिकीट वेगळं. दुसरी सगळीकडे थांबत जाते, साधारण तासभर लागतो, तिला टी-मनी चालतं. होंगदे भागात राहणार असाल तर दुसरीच घ्या, ती तिथेच थांबते. आम्ही होंगदेला राहिलो ते याच कारणाने आणि पहिल्या रात्री, चार तासांच्या झोपेवर, जड बॅगा घेऊन गाडी बदलावी लागली नाही याचं फार बरं वाटलं. खोली घेताना "ट्विन" आहे ना ते पाहा, नाहीतर दोघींना एकच पलंग येतो. घड्याळ साडेतीन तास पुढे करा.

मेट्रोत बाहेर पडायच्या दारांना क्रमांक असतात आणि सगळा पत्ता त्या क्रमांकावर चालतो. ग्योंगबोकगुंग स्टेशनचं पाच नंबरचं दार थेट राजवाड्याच्या आवारात निघतं, चुकीच्या दाराने निघालात तर रस्ता ओलांडून वळसा. बसमधून उतरतानाही कार्ड टेकवा, म्हणजे पुढच्या गाडीत सवलत लागते. डब्याच्या टोकाच्या जागा वृद्धांच्या, गुलाबी जागा गरोदर बायकांच्या. रिकाम्या असल्या तरी तिथे बसत नाहीत. आणि डब्यात हळू बोला.

पायरी ७: जेवण

इथे थोडं थांबते, कारण घरून निघताना सगळ्यांच्या पोटात गोळा याचाच असतो.

मांस खाणाऱ्याला कोरियात काहीच अडचण नाही. न खाणाऱ्याला आहे, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. ताटात मांसाचा तुकडा नसतो, पण रश्शाला सुक्या मासळीचं पाणी असतं, किमचीत (कोबीचं मुरवलेलं तिखट लोणचं) खारवलेली कोळंबी किंवा मासळीचा अर्क असतो. "भाजीचं आहे" असं समोरचा मनापासून सांगतो, कारण त्याच्या लेखी रस्सा म्हणजे मांस नव्हे. तेव्हा किती कडक पाळायचं, ते आपल्या मनाशी आधी ठरवा. माझ्या मैत्रिणीने ठरवलं होतं: तुकडा नको, किमची चालेल. तिचं तिने ठरवलं, मी मधे बोलले नाही.

"गोगी प्पे जुसेयो", म्हणजे मांस काढून द्या, हे वाक्य पाठ करा. बिबिमबाप नावाचा भात, वर रांगेने मांडलेल्या भाज्या, अंडं आणि तिखट मिरचीची चटणी, या वाक्यावर सहज मिळतो. पण "गोगी" म्हटल्यावर मासे त्यात धरतीलच असं नाही, म्हणून मासे आणि रश्श्याविषयी पापागोवर वेगळं वाक्य लिहून दाखवा. कांदा-लसूणही चालत नसेल तर मठातलं जेवण शोधा. तिथल्या बौद्ध मठांत मांस-मासळी तर नाहीच, कांदा, लसूण, पातही वर्ज्य असते. आपल्याकडच्या चातुर्मासासारखं. सोलमध्ये इन्सादोंगच्या आसपास असं जेवण देणाऱ्या जागा आहेत. आम्ही तिथे जेवलो त्या दिवशी मैत्रीण काही न विचारता, काही न तपासता जेवली. महाग होतं, पण त्या एका जेवणासाठी पाकिटातून जास्त पैसे काढताना मला आनंद झाला.

सोलमधला ग्वांगजांग बाजार चुकवू नका. १९०५ पासूनचा बाजार आहे. मधल्या गल्लीत गाड्यांवर छोटी जाती फिरत असतात आणि त्यांतून भिजवलेल्या मुगाचं पिवळसर पीठ ओघळत खालच्या टोपात पडतं. बाई पळीभर पीठ घेते, त्यात मोड आलेले मूग मिसळते आणि तेलाने भरलेल्या तव्यावर जाड धिरडं घालते. बिंदेत्तॉक. कड कुरकुरीत, आत मऊ, सोबत सोया सॉसमध्ये बुडवलेला कच्चा कांदा. "हे आईचं मुगाचं धिरडंच आहे," मैत्रीण म्हणाली. पण पिठात डुकराचं मांसही घालतात, म्हणून गाडीवर आधी विचारा. आम्हाला तिसऱ्या गाडीवर बिनमांसाचं मिळालं.

थंडीच्या दिवसांत रस्त्यावर होत्तॉक मिळतो: आत वितळलेली तपकिरी साखर, दालचिनी, दाणे. गुळाच्या पोळीसारखाच जीभ भाजतो, जरा थांबून खा. माशाच्या आकाराचा बुंगॉप्पांग पाहून शाकाहारी लोक मागे सरतात; त्यात लाल चवळीसारख्या दाण्याचं गोड पुरण असतं, मासा नसतो. छोट्या दुकानांत गरम भाजलेलं रताळंही असतं.

टेबलावर काय करायचं: किती जण विचारतील, तर "दु म्योंग", दोघी. पदार्थ दोघांचा हवा असेल तर "इ इन्बुन". चमचे आणि काड्या पुष्कळदा टेबलाच्या बाजूच्या खणात असतात, शोधत बसू नका, ओढून पाहा. पाणी स्वतः आणायचं. बाजूच्या लहान वाट्या, बानछान, फुकट असतात आणि संपल्या की पुन्हा मिळतात. मात्र टाकू नका. काड्या भातात उभ्या खुपसून ठेवू नका, ते पितरांच्या नैवेद्यात करतात. मोठ्यांना काही देताना दोन्ही हातांनी द्या.

पायरी ८: काय पाहायचं

पहिल्या खेपेला सोलचे पाच-सहा दिवस पुष्कळ होतात. ग्योंगबोकगुंग हा १३९५ मधला राजवाडा, मंगळवारी बंद. छांगदोकगुंग हा दुसरा राजवाडा, सोमवारी बंद. हानबोक, म्हणजे तिथला पारंपरिक पोशाख, भाड्याने घालून गेलं तर राजवाड्याला तिकीट लागत नाही, दोघींनी घाला, फोटोसाठी याहून चांगला दिवस मिळणार नाही. छांगदोकगुंगच्या मागच्या बागेचं तिकीट वेगळं असतं आणि शरद ऋतूत लवकर संपतं, आधी काढा. त्या बागेत तळ्याकाठी पानं पडत होती आणि मागून एक छोटा मुलगा "आप्पा! आप्पा!" अशी हाक मारत धावत आला. दोघींनी एकदम मागे वळून पाहिलं. कोरियनमध्येही बाबांना आप्पाच म्हणतात.

बुकछोनच्या जुन्या कौलारू गल्ल्यांत लोक राहतात. मुख्य भागात पर्यटकांना सकाळी १० ते संध्याकाळी ५ एवढीच मुभा आहे, मोडली तर एक लाख वॉन दंड होऊ शकतो. संध्याकाळी छॉन्ग्येछॉन ओढ्याकाठी चाला, हान नदीवर जाऊन दुकानातल्या यंत्रावर रामयॉन, म्हणजे नूडल्स, शिजवून खा.

उरलेल्या दिवसांत ग्योंगजू आणि बुसान. सोलहून बुसान वेगवान केटीएक्स गाडीने अडीच-पावणेतीन तासांत. शुक्रवार-रविवारची तिकिटं आधी काढा. बुसानला समुद्र आहे, पण मला विचाराल तर वेळ कमी असेल तेव्हा ग्योंगजूला एक रात्र द्या. शिल्ला राजवटीची राजधानी होती ती. गावाच्या मधोमध गवताने झाकलेल्या टेकड्यांएवढ्या राजांच्या समाध्या, आणि गावाबाहेर बुल्गुक्सा मंदिर. गर्दी कमी, चालायला सपाट.

तिथल्या गेस्टहाउसच्या आजींनी आम्हाला पहिलाच प्रश्न विचारला, मोठी कोण? मैत्रीण माझ्याहून वर्षाने मोठी. त्यावर त्या मला म्हणाल्या, मग ही तुझी छिन्गु कशी, ही तुझी ऑन्नी. छिन्गु म्हणजे मैत्रीण, पण तो शब्द बरोबरीच्या वयासाठी; वर्षभराने मोठी असली तरी ती ताई. तेव्हापासून मी तिला ऑन्नीच म्हणते.

पायरी ९: परतीचा दिवस

१५,००० वॉनच्या वरच्या खरेदीवर, दुकान या योजनेत असेल तर, पर्यटकांना कर परत मिळतो. त्यासाठी खरेदीला जाताना पासपोर्ट जवळ ठेवा; बरीच दुकानं तिथल्या तिथे रक्कम कमी करतात, बाकीच्या पावत्या विमानतळावरच्या यंत्रावर दाखवायच्या. गोछुजांग (तिखट मिरचीची चटणी) आणि किमची हातातल्या बॅगेत चालत नाही, मोठ्या बॅगेत दोन पिशव्यांत गुंडाळून टाका. विमानतळावर तीन तास आधी पोहोचा.

सामाईक पाकिटात उरलेलं विमानतळावरच वाटून घ्या, घरी आल्यावर ते राहून जातं. टी-मनीत थोडेच पैसे उरले असतील तर छोट्या दुकानात ५०० वॉन कापून बाकीचे परत देतात. आम्ही घेतले नाहीत. माझ्या कार्डात ४,३०० वॉन आहेत, ऑन्नीच्या कार्डात सहा हजारांच्या आसपास, आणि कार्डं पासपोर्टच्या पाकिटातच ठेवली आहेत.